माईक समोर होता, आवाज लॅपटॉपनं घेतला: पुढच्या वेळेसाठी माझी यादी

संक्रांत झाली की मावशी परत यायलीय, आठ दिवस राहते म्हणली, म्हणून ह्या वेळी यादी लिहूनच ठेवायलो. मागच्या मे महिन्यात काय झालं ते आधी सांगतो म्हणजे खाली एकच गोष्ट मी चार-पाच वेळा कामून सांगायलो ते कळंल. मावशी गंगाखेडकडची, जनाबाईचं गंगाखेड तेच, वय सत्तरीच्या पुढं, आणि जात्यावरच्या ओव्या तिला एवढ्या पाठ की एकदा सुरू झाली की मधे कुणी चहा आणला तरी थांबत नाही. मी नवीन कंडेन्सर माईक (बारीकसारीक आवाजही पकडणारा) घेतला होता, २,८०० चा, सोबत सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस (माईक आणि लॅपटॉपच्या मधे जोडायची डबी), स्टँड, केबल सगळं. दोन तास गायली. रात्री जेवून हेडफोन लावून ऐकायला बसलो तर मावशीचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, माझं "हं… हं… बरं" मात्र कानात तोंड घालून बोलल्यासारखं, आणि सगळ्यावर लॅपटॉपच्या पंख्याची घरघर. माईक चालू होता, इंटरफेसवरचा लाइट लागलेला होता, सगळं होतं, फक्त रेकॉर्डिंग झालेलं लॅपटॉपच्या आतल्या, स्क्रीनच्या वर टिकलीएवढं भोक असतं ना, त्या माईकवर. दोन तास. सकाळी मावशीला सांगितलं तर म्हणली, "आरं बाबू, येवढं गायले ते गेलं कुटं मग?"

तर पहिली गोष्ट आणि शेवटचीही तीच: कोणता माईक रेकॉर्ड होऊ लागलाय ते नख घासून बघा. कसं ते खाली सांगतो.

सामान. माईक, एक्सएलआर केबल (माईकची तीन पिनांची), इंटरफेस, स्टँड, हेडफोन. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की कंडेन्सर माईकला करंट लागतो, ४८ व्होल्ट, आणि तो त्याच केबलमधून जातो, त्याला फँटम पॉवर म्हणतात. स्वस्त माईकच्या डब्यात एका बाजूला एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलसारखी साडेतीन एमएमची पिन असलेली केबल येते, ती लॅपटॉपच्या भोकात घातली की काही माईक चालतात पण आवाज बारीक आणि खाली सूं सूं, कारण तिथून ४८ नाही, दोन-चार व्होल्टच मिळतात. मग लोक म्हणतात माईक भंगार निघाला. माईकला उपाशी ठेवून पळायला लावल्यावर काय होणार. इंटरफेसवर ४८ व्ही लिहिलेलं बटन असतं, ते दाबा. आधी केबल लावायची, गेन (माईकचा आवाज कमी-जास्त करायचं बटन) खाली आणायचा, मग ४८ चं बटन, काढताना उलटं. हे ४८ कुठून आलं ते वाचून मला लई मजा वाटली, १९६६ मधे नॉयमन कंपनीला नॉर्वेच्या सरकारी रेडिओनं असा माईक मागितला, आणि त्यांच्या स्टुडिओत इमर्जन्सी लाइटसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती, म्हणून तोच आकडा धरला. आपल्याकडं एवढं लोडशेडिंग सोसलं, इमर्जन्सी लाइट घराघरात, पण त्याच्यावर माईक चालवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

इंटरफेसची कटकट नको असंल तर यूएसबी माईक घ्या, त्याला हे सगळं आतच असतं. पण नख तिथंही घासायचंय, लॅपटॉपचा माईक तिथंही टपूनच बसलेला असतो.

खोली. कंडेन्सर माईक सगळं ऐकतो, हा त्याचा गुणही आहे आणि डोकेदुखीही. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, चारी बाजूंनी कोऱ्या सिमेंटच्या भिंती अशी खोली असंल तर आवाज घुमतो, आणि एकदा रेकॉर्डिंगमधे घुमला की नंतर निघत नाही, कितीही ॲपं लावा. फोम-बिम मागवू नका, वाकळी बांधा. गाणाऱ्याच्या पाठीमागं दोन वाकळी दोरीवर, एक बाजूला, एक खाली फरशीवर. माईकच्या समोर जी भिंत असती तिच्यावर जास्त लक्ष द्या, कारण माईकचं तोंड तिकडंच असतं आणि तिथून परतलेला आवाज सरळ आत घुसतो. आमच्याकडं मात्र संक्रांतीच्या टायमाला सगळ्यात भारी स्टुडिओ तयार असतो, मागची खोली, भाव वाढंल म्हणून ठेवलेल्या कापसानं छातीएवढी भरलेली. मागं मी सहज तिथं उभं राहून टाळी वाजवली, टाळी वाजलीच नाही म्हणा ना, तिथल्या तिथं विरली. ह्या वेळी मावशीला दारातच बसवणार, पाठ कापसाकडं. आत बसवणार नाही कारण कापसानं अंगाला खाज सुटते आणि ती खाजवत बसली की बांगड्या वाजतात. आणि त्या खोलीत वायर, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात न्यायचा नाही, ठिणगी उडाली तर ओव्या राहू द्या, वर्षाचा कापूस जाईल.

बांगड्या. काच वाजतेच, आणि मावशीला बांगड्या काढ म्हणायची माझी छाती नाही. वर सरकवून रुमाल गुंडाळायचा. ती म्हणली होती हात हलल्याशिवाय ओवी आठवत नाही, मागच्या वेळी खरंच आठवंना, मग रिकाम्या हातानं जातं फिरवल्यासारखं करत गायली. ह्या वेळी खरं जातं ठेवणार, पण त्याची घरघर फरशीतून स्टँडमधे चढते, म्हणून स्टँडखाली वाकळ दुमडून ठेवायची, आणि माईकवर किंवा इंटरफेसवर लो कटचं (खर्जातली घरघर कापणारं) बटन असंल तर ते दाबायचं. नसंल तर नंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं, बाईच्या आवाजातलं तिथं काही नसतं.

पंखा, कूलर. मे मधे ४२ डिग्रीत कूलर बंद करून म्हातारीला बसवणं म्हणजे पाप, म्हणून मुद्दाम थंडीत बोलावलंय. फ्रिजचं स्विच बंद करा, पण बंद केलं हे कागदावर लिहा, मी एकदा विसरलो आणि दूध नासलं. पहाटे भजन-अजान-कोंबडे, रात्री कुत्रे. दुपारी दोन ते चार बरं, गाव झोपलेलं असतं.

लाइट. हेडफोनमधे खर्जात घूं असा आवाज आला तर तो ५० हर्ट्झचा, घरातल्या वायरिंगचा किंवा चार्जरचा. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा तिथंच मिटतं. इन्व्हर्टर चालू असताना तर रेकॉर्डिंग करूच नका, साधा इन्व्हर्टर जो करंट देतो त्याची किरकिर माईकच्या लाइनीत शिरू शकते. म्हणून लॅपटॉप आधी फुल चार्ज करून ठेवायचा, लाइट गेली तर गेली, इंटरफेस यूएसबीवर चालत असंल तर काही थांबत नाही.

माईकची बाजू. हे बरेच जण चुकतात, बर्थडेच्या माईकसारखं टोकाकडून बोलतात. असले जाडे माईक बहुतेक बाजूनं ऐकणारे असतात, ज्या बाजूला कंपनीचं नाव किंवा बदामाच्या आकाराची खूण असती ती बाजू तोंडाकडं. मागची बाजू बहिरी, आणि ते कामाचंय, लॅपटॉप त्या बहिऱ्या बाजूला ठेवायचा म्हणजे त्याचा पंखा कमी येतो. अंतर एक वीत, गाणारी मोकळ्या गळ्यानं गात असंल तर दीड वीत. प, फ, भ वर फुफाटा येतो, त्याला पॉप फिल्टर, किंवा भरतकामाच्या रिंगेत पातळ ओढणी ताणून बसवा, चालतं. माईक थोडा तिरका ठेवला तरी निम्मं काम होतं.

आता ते. नीट वाचा.

मी फसलो कसा, तर हेडफोन इंटरफेसला लावलेले होते आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटन चालू होतं. म्हणजे माईकचा आवाज इंटरफेसमधूनच सरळ माझ्या कानात यायचा, लॅपटॉपमधे न जाताच. मला मावशी अशी ऐकू यायची की तिच्या श्वासासकट, मी खूश, मान डोलावत बसलेलो. तिकडं ऑडॅसिटी (लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर) मी इंटरफेस लावायच्या आधीच उघडून ठेवलेलं, त्यामुळं त्याच्या यादीत इंटरफेस आलाच नव्हता, तिथं जुना लॅपटॉपचा माईक तसाच निवडलेला. आणि मीटर? मीटर हलत होतं ना! मावशी चार फुटावर गात होती, लॅपटॉपच्या माईकलाही ती ऐकू येणारच, हिरव्या पट्ट्या नाचायल्या, मला वाटलं झालं काम. कानानं सांगितलं ठीक, डोळ्यानं सांगितलं ठीक, दोघंही खोटं बोलले.

म्हणून असं करायचं. आधी इंटरफेस लावायचा, मग ऑडॅसिटी उघडायचं. उघडंच असंल तर ऑडिओ सेटअपमधे रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस दाबायचं, मग रेकॉर्डिंग डिव्हाइसमधे इंटरफेसचं नाव निवडायचं, विंडोजच्या साउंड सेटिंगमधे इनपुटलाही तेच. चॅनेल मोनो, म्हणजे एकच. मग रेकॉर्ड दाबून माईकच्या जाळीवर हळूच नख घासायचं, खर्र, मीटर उडालं पाहिजे. मग लॅपटॉपवर, कीबोर्डच्या खाली हात टेकतो तिथं, टकटक करायचं, मीटर जेमतेम हललं पाहिजे. उलटं झालं, म्हणजे टकटकीनं उडालं आणि नखानं काही नाही, तर तुम्ही माझ्याच बैलगाडीत बसलाय. मग स्टॉप करायचं आणि ते दहा सेकंद परत वाजवून ऐकायचं. वाजवून. चालू असताना कानात काय येतंय त्याचा काही भरवसा नाही, फाइलमधे काय गेलं तेवढंच खरं.

आणि हे एकदा करून भागत नाही बरं का. यूएसबीची वायर कुणाच्या पायात आली, सैल झाली, लॅपटॉप झोपून उठला की विंडोज गुपचूप आपल्या घरच्या माईकवर परत जाऊ शकतं, विचारत नाही. चहाला उठलात, परत बसलात, नख. लघवीला जाऊन आलात, नख. मावशी म्हणली थांब जरा पान लावते, तिचं पान लावून होईस्तोवर नख. वेडे वाटाल, वाटू द्या. मी तर लॅपटॉपच्या त्या टिकलीएवढ्या भोकावर खरंच टिकली चिकटवणारंय, आवाज त्यानं अडत नाही हे मला माहीतंय, पण ती दिसली की आठवण तरी होईल.

गेन. गाणाऱ्याला सगळ्यात मोठ्यानं गायला लावायचं, त्या वेळी मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहिला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. लोक चाचणीला हळू गातात आणि रंगात आले की दुप्पट, त्यामुळं थोडी जागा ठेवाच. २४ बिट (आवाज किती बारकाईनं साठवायचा तो आकडा) निवडा, मग कमी लेव्हलला घेऊन नंतर वाढवलं तरी चालतं. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८ किलोहर्ट्झ. मोनो, २४ बिट, ह्या हिशोबानं तासाला साधारण ५२० एमबी होतात, डिस्कवर जागा बघून घ्या.

मोबाइलवर रेकॉर्डर लावून तो फ्लाइट मोडमधे मावशीच्या पुढ्यात ठेवून द्यायचा. मागच्या वेळी हे एवढं जरी केलं असतं तरी काहीतरी हाती लागलं असतं. साधा मोबाइल, फुकटचा, खिशातच होता.

सुरू करण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा, नंतर मागची घरघर कमी करायला (नॉइज रिडक्शन) लागतो. लेकरांना बाहेर पाठवायचं. नख घासलं का?

मधे थांबवू नका, चुकली तर चुकू द्या, तीच परत गाते. प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटाला स्टॉप, सेव्ह, शेवटचे दहा सेकंद वाजवून बघणं, नख, परत सुरू. दोन तास सलग नाही. दोन तास सलग मी केलंय.

झाल्यावर वेव्ह फाइल (आवाज न दाबता ठेवणारी) काढायची, एमपी३ वर समाधान मानू नका. पेन ड्राइव्हवर एक, दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर एक. फाइलला नाव, तारीख. मावशी असतानाच सगळं ऐकून घ्यायचं, ती एसटीत बसल्यावर नाही. गेन खाली, ४८ व्होल्टचं बटन बंद, थोडं थांबून केबल काढायची, माईक पुसून डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट, कपाटात वरच्या फळीवर. फ्रिज चालू करायचा.