मेल्यावर थांबायचं की निघायचं?

बेळगावात ऑनलाइन गोळीबाराचे गेम खेळायला चौघांचा स्क्वॉड, म्हणजे टीम, जमला की एक वडगावचा, एक टिळकवाडीचा, एक खानापूरकडचा आणि चौथा गोकाक किंवा अथणीकडचा कानडी बोलणारा, असा मेळ हमखास असतो. त्यातला एक पहिल्या पाच मिनिटांत मरतो. पुढं दोन तऱ्हा दिसतात. एक तर तो कुणाला न सांगता निघून जातो, नाहीतर थांबतो आणि मेलेल्या माणसाला न शोभेल एवढं बोलतो. दोन्हींत उरलेल्या तिघांचं नुकसान होतं. थांबणं चांगलं आणि निघणं वाईट असा सरसकट नियम इथं चालत नाही. कुठला गेम आहे, किती वेळ उरलाय आणि थांबून तुम्ही काय काम करणार आहात, यावर ते ठरतं.

आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही मेलाय की नुसते नॉक झालाय? बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे भारतातला पब्जी) नॉक झालेला खेळाडू रांगत असतो, त्याचं रक्त हळूहळू कमी होत असतं आणि साथीदाराला त्याला उठवायला साधारण १० सेकंद लागतात. या अवस्थेत बाहेर पडलात तर तुमचा लगेच क्रेट (मेलेल्याच्या सामानाची पेटी) होतो, शत्रूला ती गन आणि किल फुकटात मिळतो आणि तुमचा मेरिट स्कोअर, म्हणजे वागणुकीचे गुणही घसरतात. त्यामुळं नॉकमध्ये ‘एक्झिट’ला हात लावायचा नाही. त्या वेळी करायचं काम वेगळं आहे. आडोशामागं रांगत जा आणि कुणी मारलं ते सांगा. साथीदार स्वतः गोळीबारात अडकला असेल तर ‘ये ये’ करून त्याला ओढू नका. तोही पडला आणि उभा कुणीच उरला नाही तर सगळा स्क्वॉड एकदम संपतो. पहिल्या नॉकनंतर स्क्वॉड पुसला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, रिवाइव्हची म्हणजे उठवण्याची घाई.

खरोखर मेलात तर पुढचा प्रश्न परत येता येईल का हा. सध्याच्या बहुतेक बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा गेममध्ये, मेलेल्याला परत आणायची सोय असते. बीजीएमआयमध्ये सुरुवातीच्या टप्प्यात मेलेल्याला साथीदार टॉवरवरून रिकॉल करू शकतात, म्हणजे परत बोलावू शकतात. फ्री फायर मॅक्समध्ये त्यासाठी रिवाइव्हल पॉइंट असतात. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये मेलेल्याचा टॅग उचलून न्यावा लागतो. तुम्ही मॅच सोडलीत की हा दरवाजा कायमचा लागतो. साथीदार जीव धोक्यात घालून टॉवरपर्यंत पोचतो आणि तुम्ही तिकडं मॅचबाहेर लॉबीत! म्हणून लवकर मेलात तर रिकॉलची मुदत संपेपर्यंत थांबाच. नुसतं तोंड बघत बसायचं नाही, जवळचा टॉवर कुठला ते बघून सांगा. परत येताना तुम्ही जवळजवळ रिकाम्या हातानं येता, तेव्हा तिघांनी न उचललेली गन आणि बनियान (गोळी अडवणारं चिलखत) कुठं पडलंय ते आधीच विचारून ठेवा. रिकॉल झालेला माणूस दुसऱ्यांदा मरतो तो बहुतेक वेळा लूट शोधत फिरण्यात.

राउंडचे गेम

व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक किंवा फ्री फायरमधलं क्लॅश स्क्वॉड, इथं थांबायचं की जायचं हा प्रश्नच नाही. राउंडमध्ये मरणं म्हणजे दीड-दोन मिनिटांची विश्रांती, पुढच्या राउंडला तुम्ही पुन्हा उभे असता. व्हॅलोरंटमध्ये १३ राउंड जिंकावे लागतात, क्लॅश स्क्वॉडमध्ये ४. मधेच निघालात तर उरलेले राउंड तुमचे चौघे पाचांविरुद्ध किंवा तिघे चौघांविरुद्ध खेळतात. शिक्षाही होते. काउंटर स्ट्राइकच्या कॉम्पिटिटिव्हमध्ये मॅच सोडल्यावर पहिल्यांदा ३० मिनिटं बंदी, नंतर २ तास, मग २४ तास आणि त्याहीपुढं ७ दिवस, अशी ती चढत जाते.

मेल्यावर इथं करण्यासारखं सगळ्यात मोठं काम म्हणजे घड्याळ सांभाळणं. जिवंत माणसाचं लक्ष निशाण्यावर असतं, आकड्यांवर नसतं. व्हॅलोरंटमध्ये स्पाइक, म्हणजे तिथला बॉम्ब, लावल्यापासून ४५ सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. अर्ध्यावर, म्हणजे साडेतीन सेकंदांवर सोडलं तरी तेवढं काम जमा राहतं. काउंटर स्ट्राइकमध्ये बॉम्बला ४० सेकंद, निकामी करायला १०, किट असेल तर ५. ‘आता धर’ किंवा ‘वेळ नाही, पळ’ एवढंच योग्य क्षणी सांगणारा मेलेला माणूस जिवंत माणसाइतका कामाचा असतो. दुसरं काम गेममधल्या पैशाचं. शेवटचा साथीदार एकटा चौघांविरुद्ध उरलाय आणि हातात ४७०० ची ऑपरेटर गन आहे, तर ‘लढू नको, गन वाचव’ म्हणा. तीच गन पुढच्या राउंडला हातात राहते. वँडल किंवा फँटम ही गन २९०० ला येते, म्हणून तिच्या बाबतीतही हिशेब तोच, फक्त ओढ थोडी कमी.

कॅफेत तासावर पैसे मोजून खेळणाऱ्यांची अडचण निराळी. ‘तास संपला’ म्हणून उठणारा माणूस हा त्या रात्रीचा सगळ्यात महागडा साथीदार. काउंटरवर किमान ५० मिनिटं शिल्लक असल्याशिवाय व्हॅलोरंटची कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे रँकची मॅच लावू नका. सामना १२-१२ ला अडकला तर ओव्हरटाइममध्ये दोन राउंडची आघाडी लागते, तो कधी संपेल ते कुणाच्या हातात नसतं. वेळ कमी असेल तर अनरेटेड, म्हणजे बिनरँकचीही नको, तिथंही १३ चाच हिशेब. डेथमॅच खेळा.

अमंग असमध्ये मेलेला भूत होतो आणि त्याची टास्क मोजली जातात. शिवाय मेलेला इम्पोस्टरही (टीममध्ये लपलेला शत्रू) सॅबोटाज, म्हणजे बिघाड करू शकतो. मरून बाहेर पडणं म्हणजे अर्धवट काम टाकून जाणं. टास्क संपली की मग खुशाल बसा.

बॅटल रॉयलमध्ये

इथं मात्र खरा निर्णय करावा लागतो. मॅप बघा. बीजीएमआयचा एरंगल ८ बाय ८ किलोमीटरचा, १०० खेळाडूंचा आणि मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते. चौथ्या मिनिटाला मेलात, रिकॉलही हुकला आणि साथीदार जोरात असतील, तर वीस-पंचवीस मिनिटं बसावं लागेल. लिविक २ बाय २ किलोमीटरचा, ५२ जणांचा आणि मॅच १५ मिनिटांची. तिथं दहा मिनिटं थांबायला हरकत नसावी. टीम डेथमॅचमध्ये तर ४० किलपर्यंत सगळे पुन्हा पुन्हा उगवतात, तिथं हा प्रश्नच येत नाही.

आमचं मत असं: रिकॉल बंद झाला, सांगायचं ते सांगून झालं आणि साथीदारांना तुमची गरज उरली नाही, तर निघायला हरकत नाही. मात्र सांगून निघा. शेवटचे दहा-पंधरा जण उरले असतील किंवा साथीदार एकटाच उरला असेल तर थांबा. एकट्याला मागं सोडून जाणं हे रँडम खेळाडूंच्या बाबतीत ठीक, गल्लीतल्या पोराच्या बाबतीत ते दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर निघतंच.

निघताना येणारी खिडकी न वाचता ‘हो’ दाबू नका. रँक, बक्षीस किंवा मेरिट यावर काय परिणाम होईल ते तिथंच लिहिलेलं असतं आणि अपडेटनुसार ते बदलतं. होम बटण दाबणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे. गेम मागं चालू राहतो, परत आलात की तो पुन्हा जोडून घेतो. खिडकीतलं ‘एक्झिट’ दाबलंत की मात्र परतीची वाट नाही.

माइक

सगळी भांडणं इथून होतात. मरताक्षणी पहिल्या पाच सेकंदांत एकच वाक्य बोला, त्यात चार गोष्टी हव्यात: कंपासचा आकडा, अंतर, आडोसा आणि किती जण. ‘२१५, दीडशे मीटर, दगडामागं, दोघं, एकाचं रक्त कमी’ हा उत्तम निरोप. ‘अरे तिकडं, तिकडं, त्या झाडाजवळ, मागं बघ की लेका!’ हा निरोप नव्हे. एरंगलवर झाडं किती आणि ‘तिकडं’ किती! आकडा शत्रूच्या दिशेचा हवा आणि तो तुमच्या कंपासवरचा असतो. साथीदार तुमच्यापासून लांब असेल तर त्याच्यासाठी तो चुकतो. अशा वेळी तुमचा क्रेट कुठं पडलाय तिथून दिशा सांगा.

निरोप दिला की माइक बंद. पुढं बोलायचं ते फक्त नवं दिसलं तर. साथीदाराच्या खेळावर टीका करण्याची ही वेळ नव्हे. स्पेक्टेटमध्ये, म्हणजे मेल्यावर साथीदाराचा खेळ बघताना, चित्र थोडं मागं असतं, तुमचा आवाज आणखी थोडा उशिरा पोचतो. तुम्हाला ‘डावीकडं’ दिसतंय तेव्हा त्यानं आधीच मान वळवलेली असते. तुमच्या बोलण्यानं मात्र त्याला पावलांचा आवाज ऐकू येत नाही. एकटा उरलेला साथीदार बहुतेकदा नेम चुकून मरत नाही. मेलेल्या तिघांच्या गलक्यात मागून आलेली पावलं त्याला कळत नाहीत. म्हणून शेवटचा एकच उरला की तिघांनीही माइक बंद. त्यानं विचारलं तरच बोला. घरातला कुकर, टीव्हीवरची मालिका आणि आजीची हाक उघड्या माइकमधून त्याच्या कानात जातच असते.

माइक टीम चॅनलवर आहे ना, ते बघा. ‘ऑल’ वर ठेवून जागा सांगितलीत तर जवळच्या शत्रूलाही ऐकू जाते. गेममधला माइक सोडून व्हॉट्सॲप कॉलवर बोलणाऱ्यांसाठी एक बारीक पण मोलाची गोष्ट: ब्लूटूथ इयरफोन कॉलवर गेला की तो कॉलच्या पद्धतीवर जातो, आवाज दोन्ही कानांत सारखा आणि भसाडा येतो. पावलं डावीकडून आली की उजवीकडून, ते कळतच नाही. ३.५ मिमीच्या पिनचे साधे वायरवाले इयरफोन ही अडचण सोडवतात. फोनला पिनचं भोक नसेल तर निदान कॉल तोडा.

आता आपल्या भागातला खास घोळ. मिश्र स्क्वॉडमध्ये कानडी दोस्त ओरडतो, ‘मेले! मेले!’ त्याचा अर्थ ‘वर, वर’ असा असतो. मराठी कानाला ते ‘मेले’ म्हणजे शत्रू मेले असं ऐकू येतं. मराठी पोरगा बिनधास्त जिना चढतो आणि छतावरचे दोघं त्याला खाली पाठवतात. ‘बंद’ चंही तसंच: कानडीत ‘आला’, मराठीत ‘बंद’. त्यामुळं मॅच लावण्याआधी अर्धं मिनिट घालवून शब्द ठरवून घ्या. ‘छत’, ‘खाली’, ‘एडगडे’ (डावीकडं), ‘बलगडे’ (उजवीकडं) असं काहीही चालेल, पण एका दिशेला एकच शब्द. मराठी दोस्तानं ‘मेलो’ न म्हणता ‘आउट’ म्हणावं. आकडे मात्र ज्याला जी भाषा सवयीची तीत न सांगता सगळ्यांनी एकाच भाषेत सांगायचे, कारण ऐन गोळीबारात आकड्याचं भाषांतर करत बसायला वेळ नसतो. इंग्रजी आकडे सगळ्यांना जमतात.

थांबलात तर फोनचं काय

नुसतं बघताना फोनवर भार कमी पडत नाही. चित्र तेवढंच काढावं लागतं, बॅटरी आणि गरमी जवळजवळ तेवढीच. ब्राइटनेस उतरवा, चार्जिंग लावून बघत बसू नका, फोन तापला की पुढच्या मॅचला फ्रेम गळतात. डेटा किती खातोय ते फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय दिसतं, एका मॅचआधी आणि नंतर बघून घ्या.

पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोन मोबाइल डेटावर जातो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर हा झटका बसत नाही. विकत घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा बघून घ्या, सगळे राउटर १२ व्होल्टचे नसतात. वीज जाण्याची चिन्हं असतील तर मेलेल्यानं थांबून उगाच बॅटरी घालवू नये. जिवंतांचा हॉटस्पॉट व्हायला ती कामाला येते.

कस्टम रूमच्या (कुणीतरी खास उघडलेल्या खासगी मॅचच्या) स्पर्धेत एकाच खोलीत दोन स्क्वॉडचे दोस्त बसले असतील तर मेलेल्यानं आवाज न करता उठून दुसऱ्या खोलीत जावं. शेजारच्या स्क्वॉडच्या स्क्रीनकडं बघून आपल्यांना काही सांगितलंत तर ते सरळ फसवणुकीत जमा होतं आणि रूम घेणारा दोन्ही स्क्वॉड बाद करू शकतो. लाइव्ह स्ट्रीम उघडून शत्रूची जागा बघणं यातच आलं.

निघायचं ठरलं तर एवढं करा. ‘निघतो, लॉबीत आहे’ असं सांगा. मराठीत, कानडीत, कशातही. लॉबीत परतून टीममध्येच राहा, नवी क्लासिक मॅच लावू नका. ते तिघे दोन मिनिटांत मेले तर तुम्ही नव्या मॅचच्या विमानात बसलेले असाल आणि पुढची अर्धी रात्र एकमेकांची वाट बघण्यात जाईल. ट्रेनिंग ग्राउंडवर गोळ्या झाडा, ज्या गननं तुम्हाला मारलं तिचा रिकॉइल (झटका) तिथं तपासा. जेवायला उठणार असाल तर किती वाजता परत येणार तेही सांगा. ‘पाच मिनिटं’ म्हणू नका, आकडा द्या: ९:४०. थांबलात आणि साथीदारानं विचारलं की ‘हायस काय रे?’ तर ‘बघूलालोय, तू खेळ’ एवढं म्हणून माइक पुन्हा बंद.