पाऊस गेला, आता ग्लॅडिओलस लावा, निशिगंधाला मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबा

मंडळी, परतीचा पाऊस एकदा थांबला की कंदांची खरेदी सुरू होते, आणि पाकिटावर हॉलंडच्या फुलांचे फोटो असे असतात की हात आपोआप खिशाकडं जातोय. पण फोटो बघून कंद घेऊ नका, आपल्या बेळगावकडच्या हवेत टिकणारी जात बघून घ्या. ट्युलिपला फुलायच्या आधी तीनेक महिने सलग थंडी लागते, आपल्याकडं पहाटे गारठा असला तरी दुपारी ऊन तापतंयच की, म्हणून थंडी देऊन आणलेला कंद एकदा फुलेल आणि पुढच्या वर्षी नुसती पानं काढत बसेल.

त्यापेक्षा बेंगळूरजवळ हेसरघट्टला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे, तिथल्या अर्का नावाच्या जाती बघा. ग्लॅडिओलसमध्ये अर्का अमर घ्या, मर रोगाला, म्हणजे बुरशीनं रोप पिवळं पडून वाळतं त्याला, दाद देत नाही, आणि खरं सांगायचं तर ह्या पिकात मरच सगळ्यात जास्त नुकसान करते. निशिगंधात हाराला सुटी फुलं आणि दांड्या दोन्ही पाहिजेत तर अर्का प्रज्वल, आणि बुके-डेकोरेशनला डबल पाकळीची अर्का वैभव किंवा सुवासिनी. पण निशिगंध आत्ता लावू नका, त्याची लागण एप्रिल-मेमध्ये, तोवर जुन्या वाफ्यातले कंद थंडी संपता संपता काढून सावलीत महिनाभर विसावू द्या.

ग्लॅडिओलस मात्र आत्ताच, ऑक्टोबर मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. कंद घेताना दाबून बघा, घट्ट पाहिजे, मऊ किंवा काळा डाग असलेला फुकट दिला तरी घेऊ नका, कारण तो एकच कंद अख्खा वाफा नासवतो आणि रोग मातीत वर्षानुवर्षं राहतोय. 4-5 सेंटिमीटर जाडीचा, मधे उंच असलेला कंद चपट्यापेक्षा चांगला. आणि दुकानदाराला विचाराच की कोल्ड स्टोरेजमधला आहे की नुकताच काढलेला, कारण ताजा कंद दोन-तीन महिने झोपलेलाच असतोय, कितीबी पाणी घाला, उगवत नाही. लावायच्या आधी वरची सुकी साल काढा आणि कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम घेऊन त्यात अर्धा तास बुडवा, हातमोजे घाला हं.

आता माती. खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाणी थांबत नाही, तिथं शेणखत जरा सढळ टाकलं की झालं. पण निपाणी-चिकोडीकडं काळी जमीन असेल तर सपाट वाफ्यात लावूच नका, वितभर उंच गादी करा, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेण नको, कंद कुजतोय. खोली 5 ते 8 सेंटिमीटर, दोन ओळींत 30 आणि दोन कंदांत 20 सेंटिमीटर. सगळे एकाच दिवशी न लावता पंधरा-पंधरा दिवसांनी लावा, म्हणजे फुलं एकदम येऊन वाया जात नाहीत, लग्नसराईत दर पण बरा मिळतोय. चार-पाच पानं झाली की मातीची भर द्या, नाहीतर वाऱ्यानं दांड्या लोळतात.

दांडी कापताना खालच्या एक-दोन कळ्यांनी नुसता रंग दाखवला की सकाळी लवकर कापा, खाली चार पानं झाडावर ठेवा, त्यावरच पुढचा कंद पोसतोय. कापलेल्या दांड्या बादलीत उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या की शेंडे वर वळतात आणि व्यापारी दर पाडतोय.

फुलं संपल्यावर पाणी हळूहळू तोडा, दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडली की कंद काढून सावलीत सुकवा. कंदाला चिकटलेले बारीक कंद टाकू नका, वेगळे लावलेत तर दोनेक हंगामात फुलाजोगे होतात. मर दिसली की ते रोप कंदासकट उपटून जाळा, आणि एखादं रोगट रोप पिशवीत घालून अरभावीच्या बागायत कॉलेजात किंवा मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा, दुकानात विचारून औषध मारत बसू नका.