पहिला एअरब्रश: पैसे कॉम्प्रेसरवर जास्त घाला

विमानासारखी छोटी मॉडेल रंगवायला पहिला एअरब्रश (हवेच्या झोताने रंग फवारणारं पेन) घेताय? ड्युअल अ‍ॅक्शन, वरती कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा घ्या. बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. वरच्या कपातून रंग आपसूक उतरतो, त्यामुळे कमी दाबावर आणि थेंबभर रंगातही काम भागतं. ०.२ च्या मोहात पडू नका. अ‍ॅक्रिलिक तिच्यात सारखा अडकतो.

खरी गोम हवेत आहे. टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर (हवा दाबून देणारं यंत्र) स्वस्त पडतो, पण त्याच्या पिस्टनचे हिसके रंगात उतरू शकतात. साधारण ३ लिटरची टाकी, दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि आपोआप बंद होणारा स्विच एवढं हवंच. कमी आवाजाचा घेतलात तर चाळीत रात्री ११ नंतरही शेजारी दार वाजवणार नाहीत. (गॅरेजवाला कॉम्प्रेसर मात्र फ्लॅटमध्ये आणायचा विचारही करू नका.)

आणि मुंबईत मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) म्हणजे चैन नव्हे. जुलैच्या दमट हवेचं टाकीत पाणी होतं आणि ऐन रंगकामात विमानाच्या पंखावर थेंब उडतो. टाकीखालचा व्हॉल्व्ह काम झालं की उघडून पाणी काढा. ट्रॅप नसेल तर नागदेवी स्ट्रीटला हवेच्या फिटिंगची दुकानं आहेत. जाताना होजचं टोक सोबत न्या, आटे जुळवून बघता येतात.

सुरुवात १५ ते २० पीएसआय दाबावर, रंग दुधाइतका पातळ. खिडकी उघडी, तोंडाला मास्क.