सार्वजनिक निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

सार्वजनिक निवृत्तिवेतनाची चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांवर अडकते. एका टोकाला 'आपल्या वेळी काहीच उरणार नाही' अशी हताशा असते, तर दुसऱ्या टोकाला 'सरकारने शब्द दिला आहे, पैसे कुठून आणायचे ते सरकार बघेल' अशी बेफिकिरी असते. तिजोरीत आज शिल्लक किती आहे, एवढाच आकडा दोन्ही बाजू घेऊन बसतात. दरवर्षी आत किती येते, बाहेर किती जाते आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत या दोन प्रवाहांचे काय होणार, हा खरा हिशेब त्यामुळे बाजूलाच राहतो.

गंगाजळी आटली म्हणजे पेन्शन बंद, असे धरून चालणे

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील 'सोशल सिक्युरिटी' या योजनेचे आहे. १९३५ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत पगाराच्या १२.४ टक्के रक्कम जमा होते, त्यातील निम्मी कर्मचारी भरतो आणि निम्मी मालक भरतो. ही रक्कम मुख्यतः त्याच वर्षीच्या निवृत्तांना वाटली जाते. गंगाजळी ही केवळ चढउतार सोसण्यासाठी ठेवलेली शिल्लक आहे. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार वृद्ध आणि वारसांसाठीची गंगाजळी २०३३ मध्ये संपेल. मथळे येथेच थांबतात. त्याच अहवालातील पुढचे वाक्य मात्र असे सांगते की, त्यानंतरही चालू वर्गणीतून ठरलेल्या लाभांपैकी ७७ टक्के रक्कम देता येईल. २३ टक्के कपात ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, पण ती शून्यही नव्हे. कायदा बदलून ती टाळता येते. १९८३ मध्ये गंगाजळी जवळजवळ तळाला गेली असताना वर्गणीतील आधीच ठरलेली वाढ लवकर लागू करून आणि निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ पर्यंत टप्प्याटप्प्याने नेऊन ती टाळलीही गेली होती.

म्हणून 'फंड अमुक वर्षी संपणार' अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न असा विचारावा: त्यानंतर चालू उत्पन्नातून किती टक्के देणी भागतील? या प्रश्नाचे उत्तर ज्या बातमीत नाही, ती बातमी अर्धवट आहे.

लोकसंख्येचे आकडे सोयीने उचलणे

'१९५० मध्ये एका निवृत्तामागे १६ कामगार होते, आज जेमतेम ३ आहेत' हे वाक्य अमेरिकेतील जवळपास प्रत्येक वादात येते. आकडा खरा आहे, पण निष्कर्ष फसवा आहे. १९५० मध्ये योजना बाल्यावस्थेत होती. वर्गणी भरणारे भरपूर होते, परंतु पेन्शनला पात्र होण्याइतकी वर्षे फारच थोड्यांची भरली होती. योजना वयात आल्यावर, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत, हे प्रमाण ३.२ ते ३.४ च्या आसपास स्थिर होते. खरी चिंता त्यानंतरच्या घसरणीची आहे, आणि तिच्यासाठी १९५० चा आधार घेण्याची गरज नाही.

आयुर्मानाबाबतही असेच होते. 'सुरुवातीला निवृत्तीच्या वयापर्यंत कोणी जगतच नव्हते, म्हणून योजना परवडत होती,' असे सांगताना जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान पुढे केले जाते. त्या काळी हे आयुर्मान कमी दिसते ते मोठ्या प्रमाणात बालमृत्यूंमुळे. अमेरिकेत १९४० मध्ये ६५ वर्षे पूर्ण करणारा पुरुष सरासरी आणखी सुमारे १३ वर्षे आणि स्त्री सुमारे १५ वर्षे जगेल, असा अंदाज होता. पेन्शनच्या हिशेबासाठी निवृत्तीच्या वयानंतर उरलेले आयुष्य हाच आकडा लागतो. तो वाढला आहे, म्हणून ओझेही वाढले आहे. मात्र लोकप्रिय तुलनेत भासते तितक्या पटीने नाही.

प्रत्यक्ष गणित साधे आहे आणि ते एकदा कागदावर करून पाहावे. सरासरी पेन्शन सरासरी पगाराच्या ४० टक्के असेल आणि एका निवृत्तामागे ४ कमावते असतील, तर प्रत्येकाला पगाराच्या १० टक्के वर्गणी भरावी लागते. कमावते २ उरले, तर तीच पेन्शन देण्यासाठी २० टक्के लागतात. वर्गणी १० टक्क्यांवर रोखून धरली, तर पेन्शन पगाराच्या २० टक्क्यांवर येते. निवृत्तीचे वय वाढवल्याने वर्गणीदार वाढतात आणि पेन्शनर घटतात, म्हणून तो उपाय हिशेबात इतका प्रभावी दिसतो आणि राजकारणात इतका जड जातो. वर्गणी, पेन्शनचे प्रमाण, निवृत्तीचे वय किंवा सर्वसाधारण करांतून भरपाई, याखेरीज पाचवा मार्ग सुचवणाऱ्याकडे संशयानेच पाहावे.

परताव्याचा दर न तपासणे

निधी साठवून चालणाऱ्या योजनांमध्ये 'आमच्याकडे ९० टक्के तरतूद आहे', म्हणजे पुढे द्यायच्या देण्यांपैकी ९० टक्क्यांपुरती रक्कम आज हाताशी आहे, असे सांगितले जाते. ही टक्केवारी कोणता वार्षिक परतावा धरला आहे यावर जवळपास संपूर्णपणे अवलंबून असते. तीस वर्षांनी द्यायच्या १०० रुपयांसाठी ७ टक्के परतावा धरला, तर आज सुमारे १३ रुपये बाजूला ठेवले की पुरतात. ४ टक्के धरला, तर सुमारे ३१ रुपये लागतात. देणे तेच, तारीख तीच, पण तरतुदीची रक्कम दुपटीहून अधिक. दर थोडा उदार धरला की तूट कागदावरून नाहीशी होते आणि त्या वर्षीचे अंदाजपत्रक सुखरूप पार पडते, या मोहाला अनेक स्थानिक सरकारे बळी पडली आहेत. २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केल्यावर तेथील सर्वसाधारण निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मासिक पेन्शनमध्ये ४.५ टक्के कपात झाली आणि महागाईनुसार होणारी वाढही थांबली. कायद्याने दिलेले वचन आणि ते पाळण्याची ऐपत यांत किती अंतर असू शकते, हे तेथील पेन्शनरांनी अनुभवले.

स्थित्यंतराचा खर्च विसरणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण ती दोन्ही दिशांनी होते.

चालू वर्गणीतून पेन्शन देणारी योजना बंद करून वैयक्तिक खात्यांकडे वळायचे, तर नव्या पिढीची वर्गणी तिच्या खात्यात जाऊ लागते, आणि जुन्या निवृत्तांची पेन्शन मात्र द्यावीच लागते. ती सरकारी तिजोरीतून येते. चिलीने १९८१ मध्ये हा बदल केला आणि पुढची अनेक वर्षे हा दुहेरी भार उचलला. इतके करूनही अनियमित रोजगार असलेल्यांच्या खात्यांत पुरेशी रक्कम साठली नाही, त्यामुळे २००८ मध्ये करांतून दिली जाणारी आधार पेन्शन जोडावी लागली.

उलट दिशेचा खड्डा अधिक फसवा आहे. भारतात १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत आलेल्यांना, सैन्यदले वगळता, अंशदान बाजारात गुंतवून त्यातून पेन्शन देणारी राष्ट्रीय पेन्शन प्रणाली लागू झाली; तिच्यात कर्मचाऱ्याचे अंशदान १० टक्के आणि २०१९ पासून केंद्र सरकारचे १४ टक्के आहे. एखादे राज्य यातून जुन्या, म्हणजे सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या निश्चित पेन्शनकडे परतले की त्याचे अंशदान त्याच महिन्यापासून वाचते, तर २००४ नंतर भरती झालेल्यांची मोठी तुकडी निवृत्त व्हायला अजून बराच अवकाश असतो. साहजिकच पहिली काही वर्षे निर्णय स्वस्त दिसतो, आणि बिल येते तेव्हा निर्णय घेणारे पदावर नसतात. याचा अर्थ कर्मचाऱ्यांची निश्चित पेन्शनची मागणी गैर आहे, असा मुळीच नाही. बाजाराची सारी जोखीम एकट्या कर्मचाऱ्याने का सोसावी, हा प्रश्न रास्तच आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची हमी आहे आणि अंशदानही चालू राहते. ती पुरेशी आहे की नाही यावर मतभेद असू शकतात, मात्र हमीसोबत तरतूदही करण्याची तिची रचना तपासून पाहण्याजोगी आहे.

वाढीचा नियम किरकोळ समजणे

पेन्शन दरवर्षी कशाच्या आधारे वाढते, हे कलम कोणी फारसे वाचत नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून मूळ सरकारी पेन्शन महागाई, सरासरी कमाई आणि २.५ टक्के यांपैकी जे सर्वांत जास्त असेल तितकी वाढवण्याचे धोरण आहे. एका वर्षाचा अपवाद वगळता ते पाळले गेले. प्रत्येक वर्षी तिघांतला मोठा आकडा निवडला जात असल्याने दीर्घकाळात पेन्शन पगारांपेक्षा वेगाने वाढते. यात वृद्धांचा फायदा उघड आहे, फक्त त्याची किंमत आधी सांगता येत नाही.

स्वीडनने याच्या बरोबर उलट वाट धरली. तेथे पगाराच्या १८.५ टक्के वर्गणीपैकी १६ टक्के रक्कम नावापुरत्या खात्यात नोंदली जाते आणि प्रत्यक्षात चालू पेन्शनसाठी वापरली जाते, तर उरलेली २.५ टक्के खरोखर गुंतवली जाते. देणी मालमत्तेपेक्षा वाढली की वार्षिक वाढीला आपोआप ब्रेक लागतो, त्यासाठी संसदेत मतदान घ्यावे लागत नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर २०१० मध्ये हा ब्रेक पहिल्यांदा लागला आणि पेन्शन खरोखर घटली. तो लागण्याआधीच संसदेने राखीव निधीचे मूल्य तीन वर्षांच्या सरासरीने मोजावे असा बदल करून घाव सौम्य केला होता, आणि निवृत्तांच्या प्राप्तिकरातही सवलत देण्यात आली.