पंचक्रोशीतील आगामी कार्यक्रमांचे पत्रक कसे काढावे

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते आणि तिथून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. याच महिन्यांत वाचनालयांची व्याख्याने, कविसंमेलने, ग्रंथदिंड्या आणि झाडीबोलीची साहित्य संमेलनेही होतात. परंतु नाटकाची गाडी भोंगा लावून गावे फिरते, आणि कविसंमेलनाची वार्ता मात्र आयोजकांच्या ओळखीपलीकडे जात नाही. म्हणून आठ-दहा गावांचे मिळून एक पत्रक दर दोन महिन्यांनी काढावे, असे वाचनालयाच्या कामातील अनुभवावरून मी आग्रहाने सांगतो.

सुरुवात वहीने करावी. एका पानावर तारखेने येणारे दिवस उतरवावेत: १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २० डिसेंबरची गाडगेबाबांची पुण्यतिथी, १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. तिथीने येणाऱ्यांसाठी दुसरे पान ठेवावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. परंतु त्यांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला पाळली जाते, गुरुकुंज मोझरीचा महोत्सव त्याच सुमारास असतो आणि गावोगावच्या भजनी मंडळांचे कार्यक्रमही त्याला धरूनच ठरतात. अशा नोंदी गेल्या वर्षीच्या पत्रकावरून उतरवू नयेत, दरवर्षी पंचांग उघडावे.

त्यानंतर नाटकांच्या तारखा मिळवाव्यात, आणि हे काम सर्वांत मन लावून करावे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र असल्याने अनेक गावांची मंडळे तेथे जाऊन नाटक ठरवतात. आपल्या भागातील कोणत्या मंडळाने कोणती रात्र घेतली, हे त्या-त्या गावी समक्ष विचारून लिहावे. पत्रकातून नाटकांना वगळू नये. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील कामासाठी, आणि नाट्यसंहिता हेदेखील साहित्यच आहे. नाटकाच्या रात्री शेजारच्या गावात व्याख्यान ठेवले तर सतरंज्या रिकाम्या राहतात, कारण नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी आलेल्या असतात आणि घरोघरी पाहुण्यांचा स्वयंपाक चाललेला असतो. त्यापेक्षा नाटक असलेल्या गावीच दुपारी तीनला काव्यवाचन ठेवावे, असे आयोजकांना सुचवावे. पाहुणे तोवर उतरलेले असतात आणि रात्रीपर्यंत मोकळे असतात. कापणी-मळणीचे दिवस व आठवडी बाजाराचा वारही याच वेळी पाहून घ्यावा.

प्रत्येक नोंदीत सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि परतीची गाडी या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. आमच्या एका कविसंमेलनाच्या पत्रकात नुसते ‘सायंकाळी’ असे छापले गेले होते. शेजारच्या गावातील चार वृद्ध स्त्रिया आपल्या गावच्या मुलीची कविता ऐकण्यासाठी साडेचारलाच येऊन बसल्या; कार्यक्रम सहाला सुरू झाला, आणि मुलीचे नाव पुकारले जाण्याआधीच त्यांना शेवटच्या एसटीसाठी पिशव्या उचलून उठावे लागले. दारापाशी थांबून त्यातील एकीने मागे वळून पाहिले होते. तेव्हापासून मी नोंद अशी लिहितो: ‘शनिवार, २७ फेब्रुवारी. वाचनालयाचे पटांगण. दुपारी ३ वाजता झाडीबोलीतील कवितांचे वाचन, ५ वाजता समाप्ती. परतीची शेवटची एसटी पावणेसहाला, चौकातून. प्रवेश विनामूल्य. बसायला सतरंजी व प्यायला पाणी आहे.’ वक्त्यांच्या पदव्यांसाठी जागा उरली नाही तरी चालेल.

छापण्यापूर्वी प्रत्येक आयोजकाला फोन करून तारीख, वार आणि जागा त्याच्या तोंडून वदवून घ्यावी. तारीख आणि वार यांचा मेळ बसत नसेल तर चूक तिथेच सापडते. ध्वनिक्षेपकाची परवानगी घेतली आहे का, हेही विचारावे, कारण रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर त्याच्या वापरावर निर्बंध आहेत.

पत्रक एका पानाचे आणि ठळक अक्षरांचे असावे. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर आणि एसटीच्या थांब्यावर लावावे. व्हॉट्सअॅपवर पाठवावेच, परंतु ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी कोतवालाकडून आदल्या दिवशी दवंडी देता आली तर अवश्य द्यावी. शाळेत एक प्रत दिली की मुले ती घरी वाचून दाखवतात.

कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे गेला तर नवे पत्रक निघण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी प्रत्येक ठिकाणी जाऊन जुन्या नोंदीवर लाल पेनाने रेघ मारावी, शेजारी नवी तारीख लिहावी, आणि सर्वांत आधी एसटीच्या थांब्यावरचे पत्रक दुरुस्त करावे.