काउंटीच्या दप्तरात पूर्वज शोधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अर्धं कूळ कोकणातलं आणि अर्धं ओहायो-केंटकीतलं अशी नातवंडं वाढताहेत. वडिलांकडची वंशावळ निदान तोंडी तरी सांगता येते. आईकडची शोधायला बसलं की आधी काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, दप्तर समोर येतं. माझी सून आग्नेय ओहायोतली. तिच्या माहेरचा एकोणिसाव्या शतकातला माग मी त्याच दप्तरांतून काढला. त्या कामात लागलेल्या इतर मराठी आजी-आजोबांना ज्या ठिकाणी अडकलेलं पाहिलं, त्या जागा इथे सांगते.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनाव सांगितलं की पिढ्या सलग सापडतात. काउंटीच्या दप्तरात कुटुंबाचं असं पान नसतं. तिथे जमिनीची खरेदीखतं असतात, लग्नाचे परवाने असतात, कर असतो, मयताच्या मालाच्या लिलावाची यादी असते. एकच माणूस या सगळ्यांत विखुरलेला असतो आणि त्याच नावाची दुसरी माणसंही त्याच वह्यांत असतात. म्हणून नुसतं नाव शोधून भागत नाही, माणूस ओळखावा लागतो.

आजच्या नकाशावरून जुनी काउंटी ठरवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. सुनेचं घराणं नोबल काउंटीतलं म्हटल्यावर कुणीही कॉल्डवेल या तिथल्या मुख्य गावाच्या कोर्टाकडे वळेल. पण नोबल ही ओहायोच्या ८८ काउंट्यांपैकी शेवटची, १८५१ साली झालेली. मनरो, वॉशिंग्टन, मॉर्गन आणि गर्न्सी या चार काउंट्यांचे तुकडे जोडून ती केली गेली. त्यातली गर्न्सी १८१० सालची, मस्किंगम आणि बेलमॉन्टमधून निघालेली. मस्किंगम १८०४ची, तिचा बराच भाग मूळच्या वॉशिंग्टन काउंटीतला. म्हणजे शेत जागचं हललं नाही, घर हललं नाही, तरी आजोबांचं खरेदीखत वॉशिंग्टन काउंटीच्या मॅरिएटाला, वडिलांच्या लग्नाची नोंद गर्न्सीच्या केंब्रिजला आणि मुलाच्या मृत्यूची कॉल्डवेलला असू शकते.

नवी काउंटी झाली तरी जुन्या वह्या सहसा जुन्याच काउंटीत राहतात. म्हणून प्रत्येक घटनेसाठी वेगळा प्रश्न विचारायचा: त्या वर्षी ही जमीन कोणत्या काउंटीत होती? शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या ऐतिहासिक सीमांचा नकाशासंग्रह केला आहे, तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. तारीख टाकली की त्या दिवशीच्या हद्दी दिसतात. शोध सुरू करण्याआधी घराण्याच्या गावासाठी अशी काउंट्यांची साखळी कागदावर लिहून घ्या.

राज्यांच्या हद्दीही याला अपवाद नाहीत. १८५०च्या शिरगणतीत जन्मस्थान ‘व्हर्जिनिया’ असलेला माणूस आजच्या वेस्ट व्हर्जिनियातला असू शकतो, कारण ते राज्य १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना वेगळं झालं. काउंटीच्या नावावरही विसंबू नका. वॉशिंग्टन नावाची काउंटी सुमारे तीस राज्यांत आहे. राज्याचं नाव न लिहिता टिपून ठेवलेली नोंद पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरणं

एकाच टाउनशिपमध्ये, म्हणजे काउंटीच्या एका छोट्या विभागात, एकाच वेळी दोन-तीन जॉन मिलर असणं त्या काळी अगदी नेहमीचं होतं. त्यांच्या नावापुढे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ दिसलं की बाप-लेक ठरवून मोकळं होऊ नका. कारकून मोठ्या वयाच्याला सीनियर आणि लहान वयाच्याला ज्युनियर लिहायचा. ते काका-पुतणे असतील, किंवा एकमेकांचे कुणीच नसतील. मोठा जॉन वारला किंवा गाव सोडून गेला, की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

माणूस वेगळा काढण्यासाठी चार खुणा पक्क्या धरा: बायकोचं नाव, जमिनीचा तुकडा, शेजारी आणि सही. खरेदीखताच्या शेवटी बायकोचं नाव बहुतेक वेळा सापडतं. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचा विधवा म्हणून हक्क असे आणि तो सोडायचा तर अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, राजीखुशीने सोडतेस का, असं विचारायचा. ती नोंद खतात असते. १८३८च्या खतात बायको सारा आणि १८४४च्या खतात मार्गारेट असेल, तर एकतर दुसरं लग्न झालं आहे, नाहीतर हा दुसराच जॉन आहे. पुढचा शोध तिथून सुरू होतो. सहीचंही तसंच. एक जण अंगठ्याऐवजी फुली मारतो आणि दुसरा स्वतः नाव लिहितो, तर ते दोघे वेगळे असण्याची शक्यता मोठी. मात्र काउंटीच्या वहीत दिसते ती कारकुनाने उतरवलेली प्रत, त्यामुळे अक्षर त्याचं असतं. फुली होती की सही, एवढंच त्यातून कळतं.

उलटी चूकही होते. एकच बाई तीन नावांनी येते आणि तीन बायका समजली जाते. पॉली म्हणजे बहुधा मेरी, सॅली म्हणजे सारा, पॅट्सी म्हणजे मार्था, पेगी म्हणजे मार्गारेट. जर्मन आडनाव कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं लिहिलं गेलं. एकाच कागदावर श्मिट आणि स्मिथ दोन्ही दिसलं तरी दचकू नका. वाचतानाही सावध राहा: जुन्या हस्ताक्षरात दोन ‘एस’ जोडून आले की पहिला ‘एस’ लांब, ‘एफ’सारखा काढत. त्यामुळे ‘जेसी’ हे नाव इंटरनेटवरच्या सूचीत भलत्याच अक्षरांखाली गेलेलं असतं.

शिरगणतीच्या तक्त्यात नसलेलं नातं वाचणं

अमेरिकेची शिरगणती १७९०पासून दर दहा वर्षांनी होते. पण घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव पहिल्यांदा १८५०ला लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटाप्रमाणे नुसते आकडे. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना आला १८८०ला. तेव्हा १८५०, १८६० आणि १८७०च्या तक्त्यात चाळिशीचा पुरुष, तिशीची बाई आणि पाच मुलं दिसली, तर ती बायको आणि तिची मुलं असं कागद म्हणत नाही, आपण म्हणतो. ती दुसरी बायको असेल आणि मोठी तीन मुलं पहिलीची. किंवा ती बहीण असेल. वय प्रत्येक शिरगणतीत दहानेच वाढेल अशीही अपेक्षा नको. माहिती कुणी दिली, घरच्याने की शेजाऱ्याने, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही.

१८५० ते १८८०च्या शिरगणतीला आधारदिवस १ जून होता. गणनेचा माणूस ऑगस्टमध्ये दारात आला तरी १ जूनला घरात कोण होतं हेच त्याने लिहायचं होतं. जुलैत वारलेला माणूस तक्त्यात जिवंत दिसतो तो त्यामुळे. आणि १८८०नंतर एकदम १९०० दिसलं तर आपलं काही सुटलं असं समजू नका. १८९०च्या शिरगणतीचे कागद वॉशिंग्टन शहरात जानेवारी १९२१मध्ये लागलेल्या आगीत सापडले आणि त्यातलं जवळपास काहीच उरलं नाही. ही वीस वर्षांची पोकळी काउंटीच्या करवह्या, खरेदीखतं आणि लग्नाच्या वह्या घेऊनच भरावी लागते.

कुटुंब कृष्णवर्णीय असेल तर हा सगळा हिशेब अधिक कठोर आहे. १८५० आणि १८६०ला गुलामांची वेगळी यादी केली गेली. तिच्यात मालकाचं नाव आहे, पण गुलाम माणसांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यातल्या बहुतेकांचं नाव शिरगणतीत पहिल्यांदा येतं ते १८७०ला. त्याआधीची नावं शोधायची तर दक्षिणेतल्या काउंट्यांत मालकाच्या वारसाहक्काची कागदपत्रं उघडावी लागतात. तिथे गुरं आणि भांडी यांच्या शेजारी माणसांची नावं आणि त्यांची किंमत लिहिलेली असते. ते वाचणं जड जातं, पण अनेक घराण्यांच्या आजी-पणजींची नावं तेवढ्याच कागदावर टिकली आहेत. मुक्त झालेल्या माणसाने शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असेल असं मात्र गृहीत धरू नका.

मृत्युपत्र सापडलं नाही म्हणून परत फिरणं

पुष्कळ लोक मृत्युपत्र न करताच वारले. तरी प्रोबेट कोर्टात, म्हणजे मयताच्या मालमत्तेचं काम पाहणाऱ्या कोर्टात, त्यांच्या नावाचं पाकीट असू शकतं: व्यवस्थापकाचा जामीन, मालमत्तेची यादी, लिलावाची यादी, शेवटचा हिशेब. लिलावाची यादी जरूर वाचा. कुऱ्हाड कुणी घेतली, चरखा कुणी घेतला, त्यात शेजारी असतात, जावई असतात आणि विधवा स्वतःचीच भांडी विकत घेताना दिसते. मृत्युपत्र असलं तरी त्यात सगळी मुलं असतीलच असं नाही. ज्याला आधीच जमीन देऊन वेगळं काढलं, त्याचं नाव गळतं. एखाद्याला एकच डॉलर लिहिला असेल तर भांडण झालं असा निष्कर्ष घाईने काढू नका, त्याचा वाटा आधीच पोचलेला असू शकतो.

अनाथ आणि अज्ञान या शब्दांवर बरेच जण घसरतात. त्या काळच्या कोर्टाच्या कागदात बाप वारला की मूल ‘ऑर्फन’, आई जिवंत असली तरी. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं बाळ नव्हे, कायद्याने सज्ञान न झालेला कुणीही, अगदी वीस वर्षांचा तरुणसुद्धा. आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई’ दिसतं, तिथे मात्र मुलांच्या मालमत्तेसाठी कोर्ट कितीदा तरी परक्या पुरुषाला पालक नेमत असे. ओहायोत १४ वर्षांचा मुलगा आणि १२ वर्षांची मुलगी आपला पालक स्वतः निवडू शके. त्यामुळे कुणी निवडला आणि कुणासाठी कोर्टाने नेमला, यावरून मुलांच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

माझ्या मते नात्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात मिळतो. जमीन सामाईक राहिली, भावंडं इलिनॉय-आयोवाकडे पांगली आणि वीस वर्षांनी कुणीतरी वाटप मागितलं, की दाव्यात सगळे वारस लागतात, लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावांसकट आणि मेलेल्या भावाची मुलंसुद्धा. म्हणून माणसाच्या मृत्यूनंतर निदान तीस वर्षांची खतं पाहा. खत लिहिल्याची तारीख आणि वहीत नोंदल्याची तारीख यांतही कितीतरी वर्षं जाऊ शकतात. दोन्ही टिपून ठेवा.

शोधपेटीत नाव आलं नाही म्हणजे नोंद नाही असं समजणं

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या फुकट संकेतस्थळावर काउंटीच्या वह्यांच्या असंख्य प्रतिमा आहेत, पण त्यांतल्या कितीतरी वह्यांची नावांची सूची झालेलीच नाही. २०२४पासून तिथे हस्तलिखित मजकूर यंत्राने वाचून शोधायची सोय आली आहे. तिने काम पुष्कळ सोपं केलं, तरी यंत्रही आडनाव चुकीचं वाचतं. म्हणून ठिकाणावरून कॅटलॉग उघडा, काउंटी निवडा आणि वह्या स्वतः चाळा. काही प्रतिमा घरून दिसत नाहीत, त्यासाठी त्यांच्या केंद्रात किंवा जोडलेल्या ग्रंथालयात जावं लागतं.

खरेदीखतांना काउंटीने स्वतः केलेल्या दोन सूची असतात, एक लिहून देणाराची आणि एक लिहून घेणाराची. दोन्ही पाहायच्या. जमीन घेतल्याचं खत नाही पण विकल्याचं आहे, तर ती वारसाने आली असण्याचा संभव आहे किंवा सरकारकडून थेट मिळाली असण्याचा. सरकारी पट्टे काउंटीत नव्हे, संघराज्याच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर शोधायचे. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या काही सूची साध्या वर्णानुक्रमाने नसतात. त्यांत आडनावाचं पहिलं अक्षर सोडून पुढे एल, एम, एन, आर, टी यांपैकी जे अक्षर आधी येईल त्या रकान्यात नाव जातं. मिलर ‘एल’खाली, स्मिथ ‘एम’खाली. कुक या नावात यातलं एकही अक्षर नाही, म्हणून ते किरकोळ नावांत. ही रीत ठाऊक नसली की समोर असलेलं नाव दिसत नाही.

छापील आहे म्हणून खरं मानणं

१८७० ते १९००च्या सुमारास काउंट्यांचे जाडजूड इतिहास निघाले. त्यातली घराण्यांची चरित्रं बहुधा घरच्यांनीच सांगितलेली आणि पुस्तक आगाऊ पैसे भरणाऱ्यांच्या जोरावर छापलेलं. स्वतःच्या आणि बापाच्या पिढीबद्दल ती उपयोगी आहेत. ‘तीन भाऊ जहाजातून आले’ ही गोष्ट मात्र इतक्या घराण्यांत सापडते की वेगळा पुरावा मिळेपर्यंत ती वंशावळीत घालू नये. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात अधिकाऱ्याने आडनाव बदललं, हीसुद्धा तशीच. ते केंद्र १८९२ला उघडलं आणि तिथले अधिकारी जहाजावरून आलेल्या प्रवासी यादीवरून नावं तपासत. १८४०ला आलेल्या पूर्वजाचा तर त्या केंद्राशी संबंधच येत नाही.

जन्ममृत्यूच्या नोंदी ओहायोत काउंटीच्या प्रोबेट कोर्टात १८६७पासून सुरू झाल्या आणि सुरुवातीला त्यातून पुष्कळ जण सुटले. त्याआधीचा जन्मदाखला कुणी दाखवत असेल तर तो कुठून आला हे विचारा. शतकाच्या शेवटी जन्मलेल्यांनी मात्र पुढे सामाजिक सुरक्षा योजनेसाठी उशिराने जन्मनोंदी करून घेतल्या, त्या त्याच कोर्टात वेगळ्या वहीत असतात.

कोर्ट जळालं म्हणून शोध सोडणं

सिनसिनाटीचं, म्हणजे हॅमिल्टन काउंटीचं, कोर्ट मार्च १८८४च्या दंगलीत जाळलं गेलं. दक्षिणेतली कितीतरी कोर्टं यादवी युद्धात गेली. पण आग लागली तेव्हा मूळ खत शेतकऱ्याच्या पेटीत होतं आणि जमिनीवरचा हक्क टिकवायला पुष्कळांनी ते पुन्हा नोंदवून घेतलं. म्हणून आगीनंतरच्या दहा-वीस वर्षांच्या वह्या नीट पाहा, त्यांत पन्नास वर्षं जुनी खतं उतरवलेली सापडतात. शेजारच्या काउंटीतही जा, कारण हद्दीजवळचा माणूस जमीन दोन्हीकडे घेई आणि लग्न बायकोच्या काउंटीत होई. चर्चच्या वह्या आणि स्थानिक वर्तमानपत्रं त्या आगीत सहसा नव्हती. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. त्यांत वारसांना कोर्टाने काढलेल्या जाहीर नोटिसा शोधा. दाव्याचे कागद जळाले असले तरी नोटिशीत वारसांची नावं आणि ते कोणत्या राज्यात राहतात हे छापलेलं असतं.