नृत्यातून पर्यावरण शिकवताना या चुका टाळा

ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांत नृत्य आणि पर्यावरण एकत्र शिकवायचे ठरले की हिरवी लुगडी, मागे थर्माकोलची पृथ्वी आणि अखेरीस ‘झाडे लावा’चा फलक अशी रचना ठरल्यासारखी उभी राहते. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण खरा दोष वेगळाच आहे: अशा नाचासाठी विद्यार्थ्याला गावाबाहेरची एकही जागा नीट पाहावी लागत नाही.

म्हणून आधी विषय न ठरवता जागा ठरवावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुने माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले, तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. विद्यार्थ्यांना अशा तलावाच्या पाळीवरून चालवावे, गाळाने पाण्याची किती जागा व्यापली आहे आणि सांडव्यातून निघालेले पाणी कोणाकोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) जाते हे त्यांना शोधायला लावावे, आणि त्या उतारातून, त्या वळणांतून हालचाली बसवायला सांगावे. येथे एक सावधगिरी हवी. वर्गातील अनेकांच्या आया आजही रोवणीला, म्हणजे धानाची रोपे लावायला, जातात. त्यांचे वाकणे रंगमंचावर केवळ लयदार दिसू लागले आणि कंबरदुखी गळून पडली, तर रचना पुन्हा तपासावी.

दुसरी चूक गोंडी रेला नृत्याबाबत होते. हातात हात गुंफून, वर्तुळात, स्वतः गात केलेले हे नृत्य प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या दोन रांगांत बसवले जाते आणि गाण्याऐवजी ध्वनिमुद्रण वाजते. त्याऐवजी प्रेक्षकांनाच सभोवती बसवावे. शिकवायला गावातील जाणकारांना बोलवावे आणि त्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे. शाल-श्रीफळाने त्यांची बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

‘गावात शिकवायला कोणी मिळतच नाही’ ही तक्रार बहुधा चुकीच्या वेळापत्रकातून येते. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटेच मोहफुले वेचायला निघतात, त्यानंतर तेंदूपत्ता, आणि पावसाळ्यात रोवणी. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) भरते, दंडारी (नाचगाण्याची लोकनाट्ये) होतात. पाहण्याशिकण्याचा काळ तोच. विद्यापीठाचे सत्र त्या सुमारास परीक्षेकडे झुकलेले असते, म्हणून क्षेत्रभेटीचे दिवस वर्षारंभीच राखून ठेवावेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा टिनाच्या सभागृहात दुपारचा सराव नको. वाघाचा वावर असलेल्या भागातून दिवस मावळण्यापूर्वी परतावे.

विद्यार्थी लाजत असतील तर ‘नाचा’ म्हणूच नये. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालायला सांगावे. पाणी सांडू नये म्हणून मान, कणा आणि पावले आपोआप जागी होतात.

राहिला गुणांचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरणाचा विषय अभ्यासक्रमात आला खरा, पण प्रकल्पवह्या मागील वर्षीच्या वह्यांवरून उतरवल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे. सगळे गुण स्नेहसंमेलनातील सादरीकरणाला दिले तर तीच पळवाट नृत्यातही सापडेल. निम्मे गुण नोंदवहीला ठेवावेत: कोणती हालचाल कुठल्या जागेवरून घेतली, ती कोणी दाखवली आणि गावकऱ्यांनी पाहून काय बदल सुचवले. सादरीकरणाची पहिली फेरी त्या तलावाच्या गावीच करावी, म्हणजे शेवटच्या रकान्यात लिहायला काही तरी मिळेल.